इथे फणस होता

गेल्या महिन्यात आमच्या आळीत रस्ता खणला. नव्या पाइपलाइनचं काम होतं. ठेकेदाराची माणसं बाहेरगावची, जेसीबीवाला त्याहून लांबचा. दुपारी साडेतीनच्या सुमाराला जेसीबीचा दात जुन्या पाइपाला लागला आणि पाणी उसळलं. आधी तांबडं, मातीचं, मग स्वच्छ, पुरुषभर उंच. पोरं नाचली, बायका कळश्या-बादल्या घेऊन धावल्या. तासाभरात ती मौज ओसरली, कारण पाणी बंद कुठून करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नगरपालिकेतून दोन मुलगे आले, दोघेही कंत्राटी, नुकतेच लागलेले. त्यांच्या खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी होती. चावी होती आणि व्हॉल्व्ह सापडत नव्हता. पाणी उताराने खाली वाहत देवळापर्यंत पोहोचलं, वरच्या आळीचे नळ कोरडे पडले, आणि कुणीतरी म्हणालं, तात्यांना बोलवा.

तात्या म्हणजे आमच्या गावाचे चावीवाले. पाणीपुरवठा विभागात पस्तीस वर्षं नोकरी करून २०२२ साली निवृत्त झाले. मी त्याच नगरपालिकेत आस्थापनेवर कारकून होते, आता मीही घरी आहे. ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती. गुडघे दुखतात म्हणून हातात काठी. गर्दी बाजूला झाली. मला वाटलं, ते खाली रस्त्याकडे बघतील. त्यांनी वर पाहिलं. आळीच्या वळणावर, जिथे आता नुसतं आभाळ आहे, तिथे ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग इकडे तिकडे दोन पावलं टाकून पुन्हा थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला गोंधळ होता. मला म्हणाले, “ताई, इथे फणस होता.”

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तो फणस मीही पाहिलेला आहे, पाहिलेला म्हणजे काय, लग्न होऊन या आळीत आले त्या दिवसापासून त्याच्या सावलीतून गेलेली आहे. त्याला फळं बुंध्यापासून लागायची, पार जमिनीलगत, पोरं त्यावर बसून राहायची. बरका होता, कापा नव्हे, त्यामुळे विकायला कुणी नेत नसे. मे महिन्यात वळणावर आलं की तो गोड, जरासा आंबूस वास नाकात भरायचा आणि घर आलं हे डोळे मिटूनही कळायचं. तो निसर्गात गेला. आमच्याकडे असंच म्हणतात. “निसर्गाच्या आधी बांधलेलं घर”, “निसर्गात गेलेली वाडी”. चक्रीवादळांना नावं द्यायच्या नव्या यादीतलं हे पहिलंच नाव होतं, बांगलादेशाने सुचवलेलं. गावातल्या म्हाताऱ्यांना ते कळायला वेळ लागला, निसर्ग येणार आहे म्हणजे काय येणार आहे? आता तो शब्द आमच्या तोंडी तारखेसारखा बसला आहे.

३ जून २०२० हा दिवस आम्हा किनाऱ्यावरच्यांना कुणी समजावून सांगायला नको. मला आदल्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. २ तारखेला आमच्या कार्यालयात सगळे होतो, तोंडाला मास्क, टेबलांमध्ये अंतर. टाळेबंदीत मुंबईहून परतलेली माणसं शाळांमध्ये विलगीकरणात ठेवलेली होती. आणि आता किनाऱ्याजवळच्या कच्च्या घरांतल्या लोकांना हलवायचं तर जागा त्याच शाळा. एका आजाराच्या भीतीने भरलेल्या खोल्यांत दुसऱ्या भीतीने माणसं कशी आणायची, यावर दुपारभर बोलणं चाललं. शेवटी समाजमंदिर उघडलं, एका मंगल कार्यालयाच्या मालकाने हॉलची किल्ली आणून दिली. रोज ओला कचरा-सुका कचरा सांगणारी घंटागाडी त्या दिवशी “घराबाहेर पडू नका, होड्या वर ओढून बांधा” असं सांगत फिरली. आवाज तोच, चाल तीच, म्हणून असेल, बऱ्याच जणांनी ते नेहमीसारखंच ऐकलं.

त्याच संध्याकाळी तात्यांनी एक काम केलं, ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि कुठल्याही कागदावर नाही. रात्री पंप चालू ठेवून त्यांनी टाकी काठोकाठ भरली, आणि टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह आवळून बंद केला. मग टॉर्च घेऊन एकेका आळीत गेले आणि आळ्यांचे व्हॉल्व्ह बंद करत आले. साहेबांनी फोनवर विचारलं, लोक उद्या सकाळी पाण्यासाठी ओरडतील त्याचं काय? तात्यांचं उत्तर मला त्याच रात्री साहेबांकडून कळलं. झाड मुळासकट पडलं की मुळात अडकलेला पाइप वर येतो. अशी झाडं चार ठिकाणी पडली तर भरलेली टाकी तासाभरात गटारात जाईल, आणि मग वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पुढचे किती दिवस पाणी नाही ते देव जाणे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं होतं, तेव्हा त्यांनी हे पाहिलं होतं. साहेबांनी “बरं” म्हणून फोन ठेवला. त्या एका “बरं”साठी मला आजही त्या साहेबांबद्दल आदर वाटतो.

वादळाने दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा गाठला. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. आम्ही घराच्या मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीला पाठ लावून बसलो होतो. आधी वारा डोंगराच्या बाजूने आला. मंगलोरी कौलं पत्त्यांसारखी सरकायला लागली, मग उडायला. एका क्षणी पत्र्याचा एक अख्खा तुकडा अंगणातून गेला आणि त्याचा आवाज मोठ्या जनावराच्या ओरडण्यासारखा होता. मग अचानक सगळं थांबलं. सासूबाई म्हणाल्या, “गेलं बाई.” गेलं नव्हतं. वादळाचा डोळा वरून सरकत होता. पंधरा-वीस मिनिटांनी वारा उलटला आणि समुद्राकडून आला. झाडं त्या उलट्या वाऱ्याने जास्त गेली. आधीच्या वाऱ्याने एका बाजूला रेलून मुळं सैल झालेली, त्यांना दुसऱ्या बाजूने हिसका बसला. नारळ बरेचसे वाकले आणि तगले. पोफळी मात्र कमरेतून मोडल्या, काडेपेटीतल्या काड्या मोडाव्या तशा, ओळीच्या ओळी. आंबे, चिंचा, फणस मुळासकट आडवे झाले. फणस पडल्याचा आवाज मी ऐकला असणार, पण त्या गदारोळात तो वेगळा कळला नाही. याची मला अजून खंत आहे.

चार वाजता बाहेर आलो तर आळी नव्हती. म्हणजे घरं होती, पण रस्ता कुठे आहे ते दिसत नव्हतं. सगळीकडे हिरवा, ओला, चिरडलेला पाला. कच्च्या फणसांचा चीक आणि फुटलेल्या कैऱ्यांचा आंबट वास. दोन-तीन दिवसांनी उरलेल्या झाडांची पानं करपून तपकिरी झाली. आग लागून गेल्यासारखी. खाऱ्या वाऱ्याने जाळली होती ती. जून महिन्यात, पाऊस तोंडावर असताना, डोंगर उन्हाळ्यासारखा दिसत होता.

टाकी मात्र भरलेली होती.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत सलग नाहीत, तुकड्यातुकड्यांत आहेत. खांब पडलेले, तारा रस्त्यात वेटोळी घातलेल्या. आमच्या आळीत वीज एकविसाव्या दिवशी आली. मोबाइलला रेंज नाही, म्हणून लोक टेकडीवर चढून मुंबईतल्या पोरांना “आम्ही आहोत” एवढंच सांगून खाली यायचे. करवतीच्या मशिनींचा दिवसभर चाललेला आवाज. बाहेरून आलेली केशरी कपड्यांतली आपत्ती दलाची मुलं आणि त्यांना आपल्या वाटणीची भाकरी देणाऱ्या बाया. आणि पहाटेच्या अंधारात आळीत उकिडवे बसलेले तात्या. त्यांच्या हातात एक लोखंडी कांब असायची. कांबेचं एक टोक व्हॉल्व्हवर किंवा उघड्या पडलेल्या पाइपावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा. पाणी सरळ चाललं असेल तर एक आवाज, कुठे गळत असेल तर दुसरा. एकदा त्यांनी मलाही कान लावायला सांगितलं. मला नुसती घरघर ऐकू आली. ते म्हणाले, “यात शिट्टी नाही, म्हणजे बरं आहे.” एकेक आळी ते अशी तपासून मग सोडत. आळीला दिवसाआड अर्धा तास. त्या टाकीवर गावाने जवळपास चार दिवस काढले. पाचव्या दिवशी जनरेटर मिळाला आणि पंप सुरू झाला.

तात्यांना त्या दिवसांत कुणी नकाशा मागितला नाही आणि त्यांनाही त्याची गरज नव्हती. पडलेल्या झाडांखालून, ढिगाऱ्याखालून ते अचूक जागा काढत. झाडं आडवी होती, पण होती. बुंध्याचा खड्डा दिसत होता, मुळांचा तो भलामोठा मातीचा गड्डा उभा होता. “फणसाच्या बुंध्यापासून चार पावलं, विहिरीकडे तोंड करून,” अशा त्यांच्या खुणा होत्या. बाजाराच्या तिठ्यावरचा व्हॉल्व्ह चिंचेच्या पश्चिमेला. शाळेमागचा, कलमाच्या दोन आंब्यांच्या मधोमध. एक कुणाच्या तरी बंद टपरीच्या दाराशी, एक वडाच्या पाराच्या तुटक्या चिऱ्यासमोर. गावाच्या पोटातल्या सगळ्या पाइपांचा हिशेब त्यांनी वर उभ्या असलेल्या झाडांवर मांडून ठेवला होता.

आणि झाडं आम्ही उचलली. मी “आम्ही” म्हणते, कारण त्या बिलांवर माझ्या अक्षरातल्या टिपण्या आहेत. “रस्त्यातील वृक्ष तोडून उचलणे, नग १.” असे कितीतरी नग. रस्ते मोकळे करणं भाग होतं, रुग्णवाहिका जायला हवी होती, आणि ११ जूनला मोसमी पाऊस कोकणात उतरला. म्हणजे वादळ आणि पाऊस यांच्यात आम्हाला जेमतेम आठ दिवस मिळाले. ३१ मेच्या आत साफ केलेली गटारं पाल्याने पुन्हा तुंबली होती, ती उपसायची होती. घरांवर ताडपत्र्या घालायच्या होत्या. ताडपत्री, पत्रे, कौलं, खिळे, सगळ्यांचे भाव चढलेले. अशा वेळी बुंध्याच्या खड्ड्याशी एक खूण ठोकून ठेवावी, हे कुणाला सुचणार? मला नाही सुचलं.

माझी नेमणूक पंचनाम्यांवर झाली, तलाठ्यांबरोबर. घर पूर्णतः की अंशतः, अंशतः तर किती टक्के, सही किंवा अंगठा. शासनाने नेहमीचे दर वाढवले होते. पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपयांऐवजी दीड लाख, फळबागेला हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार. वाढ मोठी होती, ती मी कमी लेखत नाही. पण कोकणात हेक्टर कुणाकडे असतो? इथे माणूस गुंठ्यांत बोलतो. हेक्टरचे साधारण ९९ गुंठे होतात, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. एका आजींची घरामागे सहा गुंठे वाडी होती. एका गुंठ्यात बारा-चौदा पोफळी धरा, त्यांच्यावर चढलेली मिरी वेगळी. एका पोफळीचे चाळीसएक रुपये होत होते. पोफळ लावल्यावर धरायला सहा-सात वर्षं घेते. आजींनी मला विचारलं, “आता लावू की नको?” त्या पंचाहत्तरीच्या होत्या. पंचनाम्यात या प्रश्नाला रकाना नव्हता. मी म्हटलं, “लावा, आजी.” त्यांनी लावल्या. गेल्या वर्षी त्या वारल्या, पोफळी आता छपराच्या वर गेल्या आहेत.

पंचनामा ज्याचं नुकसान झालं त्याच्या नावे होतो. वळणावरचा फणस कुणाच्या नावे नव्हता. तो रस्त्याकडेचा, म्हणून नगरपालिकेचा, म्हणजे सगळ्यांचा आणि म्हणून कुणाचाच नाही. त्याच्याबरोबर काय गेलं हे लिहून घ्यायला आम्ही कुणाच्या दारी जाणार होतो?

विभागीय परीक्षेला बसले तेव्हा मी राज्यघटनेतली बारावी अनुसूची पाठ केली होती. नगरपालिकांची अठरा कामं. पाचव्या क्रमांकावर पाणीपुरवठा आहे. पथदिवे आहेत, दहन-दफनभूमी आहे, कोंडवाडासुद्धा आहे. आपत्ती हा शब्द त्या अठरांत नाही. तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात येतो. त्याच्या ४१ व्या कलमात स्थानिक संस्थांनी आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवावेत, साधनं वापरायला तयार ठेवावीत असं म्हटलं आहे. मी ते कलम सेवेत असताना वाचलं होतं. साधनं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दोर, टॉर्च, करवती यायच्या. आमच्याकडे एक माणूस कांबेला कान लावून गाव ऐकत होता, तो माझ्या यादीत कधी आलाच नाही. आता निवृत्तीनंतर वाटतं, त्या कलमाचा खरा अर्थ तिथेच होता. छोट्या गावाची नगरपालिका म्हणजे मंजूर आकृतिबंधातली निम्मी रिकामी पदं, मुख्याधिकाऱ्यांकडे आणखी एखाद्या गावाचा अतिरिक्त कार्यभार, आणि ज्यांना जागा ठाऊक आहेत अशी चार-पाच माणसं. त्या चार-पाच माणसांच्या आधारावर अख्खं गाव झोपतं.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, आमच्यावर थेट आलं नाही, पण तात्यांनी १५ तारखेच्या रात्री पुन्हा टाकी भरली, पुन्हा व्हॉल्व्ह आवळले. तोवर रस्त्यांवर डांबर पडलं होतं. खड्डे बुजले होते. पण त्यांना झाडं आठवत होती, रोज त्याच वाटेने जात असल्यामुळे नसलेली झाडंही त्यांच्यासाठी उभीच होती. आणि मग ते निवृत्त झाले.

निरोप समारंभाची तयारी माझ्याकडे होती. शाल, श्रीफळ, हार, समोसे. सेवापुस्तकात शेवटची नोंद मी केली. कार्यभार हस्तांतरणाची यादी मी लिहिली आणि ती मला तोंडपाठ आहे: व्हॉल्व्हची चावी, लांब, नग १. आखूड, नग १. पाना नग २. टॉर्च नग १, नादुरुस्त. गमबूट जोड १. सायकल नग १. खाली त्यांची सही, तिच्याशेजारी घेणाऱ्याची सही, तारीख. यादी बरोबर होती. काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. कपाटाला कुलूप लावून मी घरी आले. पस्तीस वर्षांत त्यांच्या डोक्यात साठलेलं सगळं गाव त्या संध्याकाळी शाल पांघरून सायकलीविना पायी घरी गेलं, आणि मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले होते.

हे सगळं माझ्या मनात, त्या दिवशी तात्या वळणावर उभे होते तेव्हा, एकदम आलं.

त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि कांब मागवली. पोरांपैकी एकाने शेजारच्या बांधकामावरून सळईचा तुकडा आणून दिला. तात्या त्या ओल्या रस्त्यावर गुडघे दुखत असताना बसले. फुटलेल्या पाइपाचा आवाज इतका मोठा होता की बाकी काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ते सळई टेकवत, कान लावत, हातभर पुढे सरकत राहिले. गर्दीतल्या एका मुलाने मोबाइलवर जुना फोटो शोधून काढला, कुणाच्या तरी मुंजीतला. मागे फणस, त्याच्या खाली बँडवाले. तात्यांनी तो फोटो डोळ्यांजवळ धरला, बोटाने मोठा केला, बुंध्याच्या मागे दिसणारी गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, कड पाहिली. गडगा अजून आहे. मग ते उठले, गडग्यापाशी गेले, पाठ लावून उभे राहिले, विहिरीकडे तोंड केलं आणि चालले. “इथे मार.” पहिला घाव दगडावर बसला. दुसऱ्या ठिकाणी, हातभर उजवीकडे, चार बोटं डांबराखाली लोखंडाचा ठणका आला. झाकण वर काढलं तेव्हा चेंबरमध्ये माती होती, आणि मातीत फणसाची जाड, वाळलेली मुळं व्हॉल्व्हला धरून बसलेली होती. ती कोयत्याने तोडावी लागली. चावी बसली. दोन्ही मुलगे मिळून फिरवत होते, तात्या फेरे मोजत होते. चौदाव्या फेऱ्याला पाणी खाली बसलं. आळीत एकदम शांतता झाली आणि कितीतरी वेळाने आम्हाला रातकिडे ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही आणि शिंप्याकडून आणलेली मापाची पट्टी घेऊन त्यांच्या दारात गेले. माझी काही नेमणूक नाही, कुणी सांगितलेलं नाही. ते चहा पीत होते, हसले नाहीत, विचारलंही नाही, चपला घातल्या. गेले तीन आठवडे आम्ही सकाळी उन्हं चढायच्या आत दोन-दोन व्हॉल्व्ह करतो. ते दोन्ही मुलगेही येतात, झाकणं तेच उघडतात. काही जागा तात्यांनाही सापडलेल्या नाहीत. चिंचेजवळचा काल तासभर शोधला. चिंच नाही, तिठाही रुंद झालेला, ते गप्प बसून राहिले. तो उद्या पुन्हा बघू म्हणाले.

पहिलं पान आमच्याच आळीचं आहे. मी पट्टीचं टोक विजेच्या नव्या खांबाला लावलं होतं, सिमेंटचा, चांगला जाडजूड, समोरच होता म्हणून. तात्यांनी माझा हात धरून बाजूला केला.

“खांबावरून नको, ताई. खांब पडतो.”

“मग गडग्यावरून?”

“गडगा लोक पाडतात. विहिरीवरून घ्या.”

शिंप्याची पट्टी पाच फुटांची. आम्ही ती पुन्हा पुन्हा लावत गेलो, एक मुलगा खडूने खुणा करत होता. मी वहीत लिहिलं: विहिरीच्या चिरेबंदी कठड्यापासून, पायरीच्या बाजूने, वळणाकडे सरळ, सत्तावीस फूट चार इंच. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, खाली लिहा, इथे फणस होता.